अकरा गुंठे जंगल

गेले तीन आठवडे माझ्या भाच्याचा फोन आलेला नाही. एरवी दर रविवारी सकाळी चहाच्या वेळेला न चुकता करतो. मी त्याला पैसे द्यायला नकार दिला, हे त्याचं कारण. घरात कुणाचं आजारपण असतं, मुलीची फी भरायची असती, तर माझ्या ठेवीतून लगेच काढून दिले असते. पण त्याला पवना धरणाच्या अंगाला, डोंगरउतारावर अकरा गुंठ्यांचा झाडीचा प्लॉट घ्यायचा आहे. तिथे घर बांधायचं आहे, आणि थोडे पैसे कमी पडताहेत. 'आत्याने ऐनवेळी हात आखडता घेतला' अशी बातमी नातेवाइकांत पोहोचलीच आहे. हा ब्लॉग वाचणाऱ्यांत निम्मे घरचेच, तेव्हा काय ते एकदाच सगळ्यांसमोर लिहून टाकते.

"आधी बघ तरी" म्हणून तो मला जागेवर घेऊन गेला होता. जागा सुंदर आहे, खोटं कशाला बोलू? जांभूळ, हिरडा, अंजन, खाली कारवीचं दाट रान, आणि एका कडेला कुणाच्या तरी पणजोबांनी लावला असावा असा आंबा. भाचा अगदी हरखून गेला होता. सोबतचा एजंट म्हणाला, "मॅडम, झाडं सगळी तुमचीच. फक्त धरणाचा व्ह्यू हवा असेल तर समोरची थोडी काढावी लागतील."

या एका वाक्यात सगळं आलं. पण भाच्याला ते ऐकू आलं नाही, म्हणून घरी येऊन मी कागदावर हिशोब मांडला. अकरा गुंठे म्हणजे जेमतेम बारा हजार चौरस फूट. त्यात घर आलं. घरापर्यंत गाडी जायला रस्ता, गाड्या लावायला जागा. उतार आहे, म्हणजे जेसीबी लावून सपाटी करायची आणि दगडी बांध घालायचा. बोअर मारायची, तर ती गाडी आत यायला वाट हवी. सेप्टिक टँक हवा. पावसाळ्यात वाऱ्याने फांदी कौलांवर पडेल, म्हणून घराजवळची झाडं जाणार. साप निघतात म्हणून कारवी जाणार, आणि तिच्या जागी मुलांना खेळायला हिरवळ येणार. शेवटी कुंपणाच्या कडेची दहा-बारा झाडं आणि तो आंबा उरेल. आंब्याला बुंध्याभोवती सिमेंटचा पार बांधतील आणि घराचं नाव 'वनराई' ठेवतील.

आता तुम्ही म्हणाल, एका माणसाने घर बांधल्याने काय होतं? मी याच तालुक्यात, कामशेतच्या पलीकडे एका शाळेत तीस वर्षं शिकवलं आहे. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, तेव्हापासून मी या एकेका माणसांची रांग बघते आहे. प्रत्येकाचं म्हणणं हेच, की मी एकटाच आहे आणि माझं झाडांवर प्रेम आहे. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा केंद्र सरकारने ३१ जुलै २०२४ रोजी सहाव्यांदा काढला. त्यात बांधकाम प्रकल्पांवर बंदी आहे ती वीस हजार चौरस मीटरच्या पुढे. कायद्याची चाळण एवढ्या मोठ्या भोकांची असेल, तर अकरा गुंठ्यांचे हजार बंगले त्यातून सहज खाली पडतात.

आणि हा डोंगर साधा नाही. लोणावळ्याकडे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. उतारावरची माती धरून ठेवायला झाडांची मुळं आणि कारवीसारखं दाट झुडूप असतं. आपल्याच जिल्ह्यात ३० जुलै २०१४ ला माळीण गाडलं गेलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री घाटाखाली खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी गेली. या दोन्ही गोष्टी बंगल्यांमुळे झाल्या असं मी मुळीच म्हणत नाही. इर्शाळवाडीपर्यंत तर धड रस्ताही नव्हता. माझं म्हणणं एवढंच, की जो डोंगर अशा पावसात आपणहून खाली येऊ शकतो, त्याच्या पोटात व्ह्यूसाठी जेसीबी घालू नये.

कागदपत्रांचं सांगते, कारण भाच्याला वाटतं आत्याला यातलं काय कळतं. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. "ते आम्ही बघतो" असं एजंट म्हणाला. काय बघणार, हे त्याने सांगितलं नाही. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. त्यातून वाट म्हणून एका सात-बारावर सहा जणांची सामाईक नावं लावायची. म्हणजे नाव लागेल, पण आंबा कुणाचा आणि सेप्टिक टँक कुणाच्या जागेत, हे सात-बारा सांगणार नाही. झाडीची जमीन असेल तर आणखी एक पाचर आहे. ३० ऑगस्ट १९७५ पासून, काही अपवाद सोडले तर, राज्यातली खासगी वनं सरकारजमा झाली. मुलुंडसारख्या ठिकाणी वर्षानुवर्षं राहणाऱ्या फ्लॅटवाल्यांच्या मागे ही भानगड लागली होती. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तेव्हा कुठे ते सुटले. तेव्हा इतर हक्कांचा रकाना आणि जुने फेरफार स्वतः वाच रे बाबा, एजंटच्या मोबाइलवर बघू नकोस.

भाच्याचा एक मुद्दा मात्र मला गप्प करणारा होता. "शेतकऱ्याला पैसे मिळतात, आत्या. त्याला विकायचंय. तू कोण अडवणार?" खरं आहे. भातशेतीवर घर चालत नाही, हे मी वर्गात उपाशी बसलेल्या मुलांच्या तोंडावर वाचलं आहे. माझ्या एका विद्यार्थ्याने पंधरा वर्षांपूर्वी जमीन विकली. बहिणींची लग्नं झाली, पक्कं घर झालं, मोटरसायकल आली. आता तो त्याच जमिनीवरच्या बंगल्याचा रखवालदार आहे. मी भेटले तेव्हा म्हणाला, "बाई, मालक वर्षातनं दहा दिवस येतात. बाकी मीच राहतो." आणि हसला. उन्हाळ्यात त्याच्या वाडीवरच्या बायका हंडे घेऊन खाली उतरतात, आणि तो बंगल्यातल्या हिरवळीला पाणी घालतो. त्याने विकलं यात त्याचा दोष मला दिसत नाही. घेणाऱ्याने मात्र आपण कशाला पैसे मोजतो आहोत ते बघावं.

मला कल्पना आहे, आता कुणीतरी माझ्या तळेगावच्या घराचा विषय काढेल. काढा. १९८४ साली आम्ही प्लॉट घेतला तेव्हा तिथे बोरी-बाभळी होत्या, आणि आम्ही त्या काढल्या. त्या वेळी मला काहीच वाटलं नाही. आज वाटतं, म्हणून तर बोलते आहे.

मावळात काही गावांत अजून देवराई आहे. १९७० च्या दशकात डॉ. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी अशा देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा कुठे शहरातल्या शिकलेल्यांना त्यांचं मोल कळलं. गावाला ते आधीच ठाऊक होतं. तिथली काटकी कुणी उचलायची नाही, कारण ती देवाची. म्हणजे आपल्या नावावर नाही, शेजाऱ्याच्या नाही, पाटलाच्याही नाही. कुणाच्याच नावावर नाही म्हणून ते रान शेकडो वर्षं टिकलं. आणि आपण शिकलेली माणसं म्हणतो, जंगल वाचवायचं तर आधी माझ्या नावावर करा, मग मी त्याला कंपाउंड घालतो.

तर भाच्या, तुझे पैसे बाजूला काढून ठेवले आहेत. गावठाणात एखादं पडकं घर बघ. रस्ता, वीज, शेजार, सगळं तिथे आहे. ते दुरुस्त करायला मी देते. किंवा कागद नीट असलेला एखादा मुरमाड, उघडा माळ बघ आणि तिथे जांभळं लाव. पाच वर्षं पाणी घातलंस, की घरालाही पैसे देईन. तोवर मी असले तर उत्तमच. आणि यातलं काहीच जमणार नसेल, तर रविवारी पुण्याहून लोणावळा लोकल पकड. मी तळेगावला चढते. कामशेतला उतरून बेडसे लेण्यांकडे जाऊ. गुडघे कुरकुरतात, पण हळूहळू चढेन. रान बघायला सात-बारा लागत नाही.

फोन कर. चहाची वेळ तीच आहे.