दानाला महागाई भत्ता नसतो

बदलीच्या गावी उतरल्यावर मराठी अधिकारी प्रथम घर शोधतो, मग मुलांची शाळा आणि त्यानंतर महाराष्ट्र मंडळ. मंडळाचे सभागृह, कपाटांतील पुस्तके, परीक्षेसाठी परगावाहून आलेल्या मुलाला मिळणारी खोली, हे सारे तेथे आपोआप उगवले आहे अशा समजुतीने आम्ही त्याचा उपभोग घेतो. वस्तुतः ते कोणीतरी मागे ठेवलेल्या पैशातून उभे राहिलेले असते. आणि आम्ही? बदलीचा हुकूम हाती पडला की वर्गणीची बाकी चुकती करावी, निरोपाचा हार गळ्यात घालून घ्यावा आणि निघावे. ‘आम्ही पडलो चार दिवसांचे पाहुणे’ हे आमचे ठरलेले उत्तर. पाहुणे बदलतात हे खरे; पण त्यांची रांग खंडत नाही, हे आम्ही सोयीस्करपणे विसरतो.

परप्रांतात मराठी माणसाचे नाव टिकले ते केवळ तलवारीने नव्हे. तंजावरचे मराठी राज्य १८५५ मध्ये संपुष्टात आले. सरफोजी राजांनी वाढविलेले सरस्वती महाल ग्रंथालय मात्र आजही उभे आहे. राजघराण्याच्या वारसांनी ग्रंथसंग्रह लोकार्पण केला, आणि नुसती पुस्तके देऊन हात झटकले नाहीत. त्यांच्या देखभालीसाठी एक लक्ष रुपयांचा निधीही दिला. १९१८ मध्ये सरकारने ग्रंथालयाच्या कारभाराची रीतसर योजना आखली. वस्तू, तिच्या निर्वाहाचा पैसा आणि कारभाराची लेखी व्यवस्था अशी तिन्ही अंगे जुळली, म्हणून तमिळ मुलखात मोडी कागद आणि मराठी पोथ्या शाबूत राहिल्या.

आता इंदूरकडे पाहा. देवी अहिल्याबाईंनी खासगीच्या उत्पन्नातून देशभर देवालये, घाट, धर्मशाळा बांधल्या. संस्थान विलीन झाले तेव्हा खासगीचे उत्पन्न सरकारजमा झाले आणि त्याच्या मोबदल्यात या धर्मादायासाठी दरसाल २,९१,९५२ रुपये कायमचे बाजूला काढावयाचे ठरले. आकडा नीट वाचावा. महिन्याला चोवीस हजार तीनशे रुपयांच्या आसपास! त्या काळी ही रक्कम राजेशाही होती. आज केंद्र सरकारच्या नव्या कनिष्ठ कारकुनालाही महागाई भत्ता धरून याहून अधिक वेतन मिळते. आमच्या पगाराला महागाई भत्ता आहे; दानाला तो नाही. ‘कायमचे’ या शब्दाने आकडा कायम राहिला, त्यातले मोल कायम राहिले नाही.

पुढे १९६२ मध्ये या मालमत्तांसाठी विश्वस्त संस्था झाली. तरीही हा सार्वजनिक न्यास आहे काय, त्याची नोंदणी आवश्यक आहे काय, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२२ मध्ये न्यायालयाने तो सार्वजनिक न्यास ठरविला, नोंदणी करण्यास सांगितले आणि पूर्वपरवानगीवाचून झालेल्या हस्तांतरणांकडे निबंधकांनी लक्ष द्यावे असे फर्माविले. एवढ्या पुण्यशील नावाच्या दानालाही हिशेबाच्या वहीवाचून गत्यंतर नाही, हा त्यातला धडा. श्रद्धा दान देते. ते जगविते ती नोंदवही.

‘हे सारे राजेरजवाड्यांचे, आम्ही पगारी माणसे’ असा आक्षेप येईल. पण पगारी माणसेही दान करतातच. ती चुकीचे करतात एवढेच. वडिलांच्या नावे पाचशे रुपये ठेवायचे, त्यांच्या व्याजातून दरसाल पारितोषिक द्यावे अशी अट घालायची आणि भिंतीवर नाव कोरून घ्यायचे! त्या रकमेचे व्याज आज चाळीस रुपयेही होत नाही. बक्षीस विरले, अट उरली. दुसरा आक्षेप असा की सरकार अनुदान देईल. फायली हाताळणाऱ्या आम्ही तरी असे म्हणू नये. अनुदान दरसाल मागावे लागते. स्वतःचा निधी मागावा लागत नाही.

तेव्हा आमचे मागणे साधे आहे. बदली होऊन जाताना प्रत्येकाने आपल्या एका महिन्याच्या पगाराचा काही अंश मंडळाच्या एका सामाईक निधीत घालावा. स्वतंत्र नावाचा निधी नको. निवृत्तीच्या वेळी मृत्युपत्र करताना त्यात शेवटच्या नव्हे, एखाद्या मधल्या गावाचीही आठवण ठेवावी. व्याज सगळे खर्ची घालू नये. महागाईपुरता भाग मुद्दलात मिळवावा. हेतू व्यापक लिहावा, म्हणजे पुढच्यांचे हात बांधले जाणार नाहीत. विश्वस्तांच्याच बदल्या होतात म्हणावे, तर १८९०च्या धर्मादाय दाननिधीच्या कायद्यात उपाय आहे: मालमत्ता सरकारी कोषाध्यक्षाच्या नावे राहते आणि कारभार योजनेत नेमलेली मंडळी पाहतात.

ज्या खोलीत आमच्या मुलाने परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास केला, तिचे भाडे आमच्याकडून कोणी घेतले नाही. ते देणे अजून आमच्या नावावर आहे. बदलीच्या हुकुमाने ते फिटत नाही.