केवड्याला फवारणी नाही, सर्दीला सुई नाही

रब्बीला पाणी देण्याचे दिवस आणि घरात सर्दी-तापाने माणसे पडण्याचे दिवस नेमके एकच असतात. गव्हाची पाळी आलेली, ऊसतोड दारात उभी, रात्रीची लाईट, आणि कर्ता माणूस घोंगडी पांघरून पडलेला. मग घाई होते. ‘डॉक्टर, एक सुई मारा, उद्या मोटर चालू करायचीय,’ असे म्हणून माणूस सुई घेतो, चार रंगीत गोळ्या घेतो, कधी सलाईनही लावून घेतो. तीन दिवसांनी ताप उतरतो आणि सुईचा गुण आला असे सगळे म्हणतात. खरे म्हणजे हा ताप बहुतेक वेळा सुईशिवायही तेवढ्याच दिवसांत उतरतो. पैसे मात्र गेलेले असतात.

शेतकरी बंधू-भगिनींनो, ही गोष्ट शेतात आपल्याला पक्की ठाऊक आहे. भेंडीवर केवडा आला किंवा पपईवर रिंगस्पॉट आला, की बुरशीनाशकाचे कितीही पंप मारा, झाड सुधारत नाही. कारण रोग बुरशीचा नाही, विषाणूचा आहे. म्हणून आपण रोगट झाड उपटतो, पांढरी माशी आणि मावा आवरतो आणि बाकीचा प्लॉट वाचवतो. कोंबड्यांच्या मानमोडीचेही तसेच. पिल्लू पाच-सात दिवसांचे असताना लासोटाचे थेंब दिले तर फायदा. मान वाकडी झाल्यावर इलाज नाही. १९१८ साली माणसांत इन्फ्लुएन्झाची मोठी साथ आली, तिलाही आपल्याकडे मानमोडीच म्हणत. त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसे दगावली. कोंबडीचा आणि माणसाचा विषाणू वेगळा, पण धडा एकच. विषाणू आत शिरल्यावर धावाधाव करण्यापेक्षा त्याची वाट अडवणे सोपे.

सर्दी, फ्ल्यू, लहान मुलांचे हिवाळी जुलाब, गोवर हे सगळे विषाणूंचे आजार. अँटिबायोटिक गोळ्या जिवाणू मारतात, विषाणूला त्या लागू पडत नाहीत. उलट गरज नसताना घेतल्या, अर्ध्यात सोडल्या, तर अंगातले जिवाणू त्या औषधाला सरावतात. एकच औषध पुन्हा पुन्हा फवारल्यावर अळी त्याला दाद देत नाही, तसाच हा प्रकार. पुढे खरोखर न्यूमोनिया झाला की तीच गोळी काम करेनाशी होते.

थंडीने सर्दी होते असे आपण म्हणतो. नुसत्या गारठ्यातून विषाणू तयार होत नाही. तो आजारी माणसाकडूनच येतो. पण थंडीत दारे-खिडक्या बंद, एका खोलीत सहा-सात माणसे झोपलेली, त्यातच चुलीचा धूर. कोरड्या गार हवेत विषाणू जास्त वेळ टिकतो, आणि नाकाचे आतले अस्तर कोरडे पडल्याने त्याला वाट मिळते. खोकल्याचे तुषार, नाक पुसलेला हात, सगळ्यांचा एकच टॉवेल, हीच आपल्या घरातली पांढरी माशी. आपल्याकडे फ्ल्यू पावसाळ्यातही येतो, तेव्हा ही काळजी तेव्हाही हवी.

मग करायचे काय? आजारी माणसाने दोन-तीन दिवस घरी थांबावे, शक्य तर वेगळे झोपावे. रात्रीची पाळी भावकीत कुणीतरी घ्यावी. तापात बाऱ्यावर उभे राहून पीक वाचत असेल, पण दुखणे लांबते. खोकताना उपरण्याचा किंवा पदराचा आडोसा धरावा. जेवणाआधी आणि नाक शिंकरल्यावर साबणाने हात धुवावेत. दिवसा खिडकी उघडी ठेवावी. गरम पाणी, पेज, कढण घ्यावे, तापाला पॅरासिटामॉल पुरते. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. बाळाला जुलाब लागले तर अंगावरचे दूध बंद करू नये. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवून थोडे थोडे पाजावे, आणि आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घेऊन सांगितल्याप्रमाणे १४ दिवस द्याव्यात.

मात्र सगळेच दुखणे घरी काढण्यासारखे नसते. धाप लागणे, छातीत दुखणे, तीन दिवसांनंतरही ताप न हटणे, मूल अंगावर पिणे सोडून देणे, श्वास घेताना त्याच्या बरगड्यांखाली खळगा पडणे, डोळे खोल जाणे, सुस्त पडणे. यातले एकही दिसले तर तडक प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. फ्ल्यूवर ऑसेल्टामिव्हिर नावाचे औषध आहे. ते पहिल्या दोन दिवसांत सुरू झाले तर जास्त गुण येतो. पण ते कुणाला द्यायचे हे डॉक्टरांनी ठरवायचे. गरोदर बाई, म्हातारी माणसे, दमा आणि साखरेचे रुग्ण यांनी वाट पाहू नये. त्यांनी फ्ल्यूच्या लशीची चौकशीही करावी. हा विषाणू रूप बदलतो, म्हणून ही लस दरवर्षी घ्यावी लागते.

आता सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांच्याशी दोन शब्द. गाळप हंगामात कारखान्याच्या पट्ट्यात ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात. आई-बाप पहाटे फडात, तान्ही मुले पाचटावर. त्यांचे लसीचे कार्ड गावाकडच्या पत्र्याच्या पेटीत, आणि इथे ती कुणाच्याच यादीत नाहीत. जुलाबाची रोटाव्हायरस लस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना मिळते. गोवराची नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. दोन्ही सरकारी केंद्रात फुकट आहेत. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवर पसरला, तो मुख्यतः लस चुकलेल्या मुलांत. डोस ज्या गावात चुकला त्याच गावात द्यावा असे नाही, दुसऱ्या गावातही देता येतो. तेव्हा टोळी उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात आशाताई आणि अंगणवाडीताईंनी कोप्यांवर जाऊन पाच वर्षांखालच्या मुलांची यादी करावी. ग्रामपंचायतीने तिथे पिण्याच्या पाण्याची सोय करावी. मुकादमाला आधी सांगितले तर लसीकरणाच्या दिवशी आया तासभर थांबतात.

जनावरांना लाळ्या-खुरकूतची लस द्यायला पथक आले की आपण दावणीला एकही जनावर सुटू देत नाही. कोप्यांवरच्या मुलांची मोजणीही तशीच एकूणएक झाली पाहिजे, आणि ती यादी येत्या मासिक सभेत ठेवली पाहिजे.