चूकभूल द्यावी, घ्यावी

जुन्या पेढ्यांच्या बिलांवर तळाशी ‘चू. भू. द्या. घ्या.’ ही अक्षरे छापलेली असत. अनेक दुकानांत अजूनही असतात. बिल लिहिणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे तिकडे सहसा लक्ष जात नाही. हिशेबात चूक निघालीच तर ज्याचे येणे असेल त्याने घ्यावे आणि ज्याचे देणे असेल त्याने द्यावे, एवढाच त्या अक्षरांचा करार. परंतु चूक दाखवायला आलेल्या गिऱ्हाइकाला त्याबद्दल गल्ल्यातून बक्षीस काढून देणारा, आणि ती चूक स्वतःच्या नावे सर्वांना दिसेल अशी लिहून ठेवणारा दुकानदार शोधावाच लागेल. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे एक प्राध्यापक मात्र अनेक दशके नेमके हेच करीत आले आहेत. त्यांचे नाव डोनाल्ड कनूथ. संगणकाच्या आज्ञावल्या, म्हणजे प्रोग्रॅम, लिहिणे आणि त्या कशा लिहाव्यात हे इतरांना सांगणे, हा त्यांचा व्यवसाय.

कनूथ यांचा जन्म १९३८ साली मिलवॉकी शहरात झाला. वडील जमाखर्च लिहिण्याचे शास्त्र शिकवीत आणि जोडीला एक छोटा छापखाना चालवीत. मुलाच्या पुढील आयुष्याचे दोन्ही धागे असे घरातच होते. आठवीत असताना एका मिठाई कंपनीने स्पर्धा लावली : कंपनीच्या मालाच्या नावातील अक्षरे वापरून जास्तीत जास्त शब्द तयार करायचे. परीक्षकांच्या स्वतःच्या यादीत अडीच हजार शब्द होते. या मुलाने पोटदुखीचे निमित्त करून दोन आठवडे शाळा बुडविली, जाडजूड शब्दकोश पुढ्यात घेतला आणि साडेचार हजार शब्द लिहून काढले. शाळेला दूरचित्रवाणी संच मिळाला आणि वर्गातील सर्वांना चॉकलेटे. पोटदुखीचा भाग घरातील मुलांना वाचून दाखवावा की नाही, हे पालकांनी ठरवावे.

१९६२ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, एका प्रकाशकाने त्यांना संगणकशास्त्रावर एक पुस्तक लिहावयास सांगितले. बारा प्रकरणांचे ते पुस्तक लिहिता लिहिता सात खंडांची योजना झाली. ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’चा पहिला खंड १९६८ साली निघाला, चौथ्या खंडाचा दुसरा भाग २०२२ साली, योजना अद्याप पुरी झालेली नाही. या ग्रंथातील चूक प्रथम दाखवणाऱ्यास बक्षीस, अशी घोषणा कनूथ यांनी केली. ही रक्कम पुढे २ डॉलर ५६ सेंटवर स्थिर झाली. आकडा विचित्र वाटतो. पण संगणकाच्या जगात सोळाच्या पटीने मोजण्याची रीत आहे, आणि सोळा गुणिले सोळा म्हणजे २५६. त्या मोजणीत तो पुरा एक डॉलर होतो. रुपयाचे सोळा आणे मोजत ज्यांनी धंदा केला, त्या पिढीला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

चूक गणिताची असो, छपाईची असो की इतिहासाची, बक्षीस सारखेच. उपयुक्त सूचना केली तर ३२ सेंट. व्यक्तींच्या नावांबद्दलही त्यांचा हाच कटाक्ष. सूचीत प्रत्येकाचे नाव पूर्ण असावे, चिनी वा जपानी विद्वानाचे नाव त्याच्या स्वतःच्या लिपीतही असावे, यासाठी ते झटत आले.

इतिहासाच्या बाबतीत या काटेकोरपणाने काय साधते, याचे उदाहरण पहिल्याच खंडात आहे. १, २, ३, ५, ८, १३ ही संख्यामाला जगभर फिबोनाची या इटालियन गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाते. प्रत्येक संख्या मागील दोन संख्यांची बेरीज असते. १९९७ च्या तिसऱ्या आवृत्तीत कनूथ नोंदवतात की फिबोनाचीच्या आधी भारतीय छंदशास्त्रकारांना ही संख्यामाला ठाऊक होती. ते दोन नावे देतात : इ.स. ११३५ पूर्वीचे गोपाल आणि ११५० च्या सुमाराचे आचार्य हेमचंद्र. प्रश्न कवितेचा होता. लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन; तर ठरावीक मात्रांची ओळ किती प्रकारे रचता येईल? ओळीच्या शेवटी लघु असेल तर मागे एक मात्रा कमी उरते, गुरू असेल तर दोन कमी. म्हणून चार मात्रांचे प्रकार म्हणजे तीन मात्रांचे अधिक दोन मात्रांचे, तीन आणि दोन मिळून पाच. पाच मात्रांचे आठ. गुजरातेत पाटणच्या दरबारी राहून ‘छंदोनुशासन’ लिहिणाऱ्या जैन आचार्यांची गणना आज संगणकशास्त्राच्या सर्वांत प्रतिष्ठित ग्रंथात त्यांच्या नावाने जमा आहे.

त्याच ग्रंथाने कनूथ यांना छापखान्यात ओढून नेले. १९७७ साली दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते हाती आली. शिशाच्या खिळ्यांची जुनी जुळणी जाऊन प्रकाशयंत्राची नवी पद्धत आली होती, आणि पाने कुरूप दिसत होती. दुसरा लेखक हळहळला असता आणि सही करून मुद्रिते परत पाठवता झाला असता. कनूथ यांनी गणिताची पाने सुबक जुळवणारी आज्ञावली स्वतःच लिहावयास घेतली. तिचे नाव टेक. काही महिन्यांत काम उरकेल असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात दहा वर्षांहून अधिक काळ लागला. अंदाजपत्रक कोलमडण्याचा अनुभव केवळ इमारतीच्या ठेकेदारांनाच येतो असे नाही. हातून उतरलेली आज्ञावली मात्र त्यांनी जगाला मोफत दिली, आणि गणित व भौतिकशास्त्रातील असंख्य शोधनिबंध आज तिच्यावर जुळवले जातात.

टेकमधील चुकीचे बक्षीसही २ डॉलर ५६ सेंटपासून सुरू झाले, पण ते दरवर्षी दुप्पट होत गेले. सात वेळा दुप्पट होऊन ते ३२७ डॉलर ६८ सेंटवर थांबले. आपल्या मालावर इतका भरवसा असणे वेगळे, आणि तो भरवसा खोटा ठरल्यास वाढती किंमत मोजण्याची तयारी ठेवणे वेगळे. त्याहून मोठी गोष्ट त्यांच्या वहीची. १९७८ साली आज्ञावली पहिल्यांदा यंत्रावर तपासली गेली तेव्हापासून त्यांनी प्रत्येक दुरुस्ती क्रमाने टिपून ठेवली. १९८९ साली ‘द एरर्स ऑफ टेक’ या निबंधाला जोडून ती संपूर्ण वही त्यांनी छापली. तीत साडेआठशेहून अधिक नोंदी आहेत, आणि त्यांची खतावणी पंधरा खात्यांत केलेली आहे. विसरून राहिलेल्या कामाचे एक खाते, कधी सुचलाच नव्हता अशा प्रसंगाचे दुसरे, दोन विभागांचा मेळ न बसल्याचे तिसरे, निव्वळ हस्तदोषाचे आणखी एक; घोडचुकांचेही एक खाते आहे, आणि ते रिकामे नाही.

चुका उघड केल्या तर बाजारातील पत जाईल, ही भीती व्यापारात नवी नाही. ती निराधारही नाही. कनूथ यांच्या बाबतीत उलटे घडले. त्यांचा चेक मिळणे हा या क्षेत्रातील बहुमान ठरला. पुष्कळांनी तो न वटवता चौकटीत घालून भिंतीवर लावला. १९७७ सालच्या एका टिपणात त्यांनी वाचकाला बजावले होते की ही आज्ञावली बरोबर असल्याचे आपण केवळ सिद्ध केले आहे, ती चालवून पाहिलेली नाही. तर्काने पक्के ठरलेलेही व्यवहारात चुकू शकते, हे इतक्या मोठ्या गणितज्ञाने लिहून द्यावे, याचे मोल मोठे आहे.

महाजालाने मात्र या चेकवर संकट आणले. चेकवर खातेक्रमांक छापलेला असतो, आणि अशा चेकची छायाचित्रे जालावर कौतुकाने झळकू लागली होती. क्रमांक दिसला की खात्यातून पैसे लाटण्याची वाट भामट्यांना सापडते. २००८ साली कनूथ यांनी खरे चेक देणे थांबवले. त्याऐवजी ते ‘बँक ऑफ सान सेरिफ’ची ठेव-प्रमाणपत्रे पाठवू लागले. ही बँक अस्तित्वात नाही. तो देशही नाही. ‘द गार्डियन’ या इंग्रजी वृत्तपत्राने १ एप्रिल १९७७ रोजी वाचकांची फजिती करण्यासाठी रचलेली ती बेटे होत. कागदाला बाजारात काडीची किंमत नाही, तरी चुका शोधणाऱ्यांचा उत्साह ओसरला नाही.

ई-मेलचे त्यांनी काय केले, हेही घरोघरी सांगण्यासारखे आहे. बहुतेकांना ती ठाऊक होण्यापूर्वी सुमारे पंधरा वर्षे ते ती वापरत होते, आणि १ जानेवारी १९९० पासून त्यांनी ती सोडली. प्रत्येक घडामोडीवर स्वार होऊन राहणे ज्यांचे काम आहे त्यांना ती उपयोगाची. आपले काम गोष्टींच्या तळाशी जाण्याचे आहे, आणि त्याला सलग एकाग्रता लागते, असे त्यांचे कारण. दिवसभर वाजणारा फोन हाती घेऊन दुकान चालवणाऱ्याला हे परवडणार नाही, हे मान्य केले पाहिजे. पण चुका कळवणारी पत्रे ते टपालाने घेतात आणि साचली की एकत्र निकालात काढतात. दारे त्यांनी बंद केली आहेत असे नव्हे. उघडण्याची वेळ ठरवली आहे.

२०२३ साली त्यांनी एका विद्यार्थ्यामार्फत चॅटजीपीटीला वीस प्रश्न घातले आणि उत्तरे आपल्या शेऱ्यांसह प्रसिद्ध केली. भाषेच्या सफाईचे त्यांना नवल वाटले. त्याचबरोबर, सुराच्या ठामपणामुळे रचलेल्या गोष्टीही कशा खऱ्या वाटू लागतात, हे त्यांच्या नजरेतून सुटले नाही. हे संशोधन इतरांनी करावे, आपण अस्सल आणि विश्वासार्ह अशा कल्पनांना वेळ देऊ, असे सांगून ते आपल्या चौथ्या खंडाकडे वळले.

टेकच्या आवृत्त्यांना ते पाय या गणिती संख्येच्या आकड्यांनी क्रमांक देतात. आधी ३, मग ३.१, मग ३.१४, दर दुरुस्तीला एक आकडा वाढतो. २०२१ साली तो ३.१४१५९२६५३ पर्यंत आला. आपल्या मृत्यूनंतर आवृत्तीचा क्रमांक केवळ पाय असा करावा आणि त्यानंतर आज्ञावलीला कोणी हात लावू नये, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. त्या दिवशी तीत ज्या चुका उरल्या असतील, त्या चुका न मानता तिचे गुणधर्म मानावयाच्या आहेत.