अजून नुसते मासेच?



गेल्या महिन्यात एक जुना मित्र घरी आला होता. चहा घेता घेता त्याने हॉलमधल्या माझ्या चार फुटी खाऱ्या पाण्याच्या टाकीकडे पाहिले आणि म्हणाला, "कितें रे, अजून नुसते मासेच?"

नुसते मासेच! वीस वर्षे नोकरी झाली तरी अजून एल.डी.सी.च का, असे विचारावे तसा त्याचा सूर होता. या छंदातल्या लोकांची एक अलिखित सेवाज्येष्ठता असते. आधी गोड्या पाण्यातले गोल्डफिश, मग खाऱ्या पाण्यातले मासे, आणि शेवटी 'रीफ टँक', म्हणजे जिवंत प्रवाळ वाढवलेली टाकी. तिथे पोचला की माणूस गॅझेटेड झाला!

मला ही बढती नको आहे. आणि गोव्यात राहणाऱ्या कुणीही ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. का, ते सांगतो.

माशांच्या टाकीचे प्रवाळाच्या टाकीत रूपांतर करायचे म्हटले की पहिला बळी जातो तो माशांचाच. माझ्याकडे दोन क्लाउन, तीन निळे डॅमसेल आणि एक पिवळा फुलपाखरू मासा आहे. मुलीने त्याचे नाव 'हळद' ठेवले आहे. फुलपाखरू माशांच्या अनेक जाती प्रवाळाचे कोवळे जीव टिपून खातात. म्हणजे आधी हळदीला घराबाहेर काढायचे. कुठे? दुकानदार परत घेत नाही. समुद्रात सोडावे तर टाकीतले रोग समुद्रात जाणार. मित्राचे उत्तर सोपे होते: "दी कोणाक तरी." सहा वर्षे हाताने भरवलेला जीव, दी कोणाक तरी!

दुसरी गोष्ट तांब्याची. तीन वर्षांपूर्वी माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला तेव्हा मी टाकीतच तांब्याचे औषध घातले होते. मासे वाचले. पण हे तांबे वाळूत आणि चुनखडीच्या दगडांत मुरून बसते आणि नंतरही थोडे थोडे पाण्यात सुटत राहते. माशाला जे औषध, तेच प्रवाळाला, कोळंबीला, गोगलगायीला विष. म्हणजे वाळूही टाकायची आणि दगडही टाकायचे. मासे गेले, वाळू गेली, दगड गेले, राहिली काच. याला रूपांतर म्हणायचे की जुने घर पाडून नवे बांधणे?

आता उरलेल्या काचेत समुद्र भरायचा. आमचा समुद्र घरापासून दहा मिनिटांवर, पण ते पाणी चालत नाही. मांडवी आणि जुवारीच्या मुखाशी पावसाळ्यात पाणी गोडावते, गढूळ होते. म्हणून आर.ओ.च्या पाण्यात विकतचे मीठ कालवायचे. समुद्रकाठच्या माणसाने पुडक्यातला समुद्र विकत आणायचा! मग नायट्रेट दहा पीपीएमच्या खाली ठेवायचे. मासे त्याच्या कितीतरी पट सोसतात. कॅल्शियम लिटरमागे चारशे ते साडेचारशे मिलिग्रॅम ठेवायचे, कारण प्रवाळ त्यातूनच आपला सांगाडा बांधतो. मळ उपसायला स्किमर, लाटांसाठी पंप, आणि उन्हासाठी दिवे, कारण प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते आणि तेच उजेडावर अन्न तयार करून त्याला जगवते. पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर ठेवायचे, तेही गोव्याच्या एप्रिल-मेमध्ये. म्हणून फ्रिजसारखा घरघरणारा चिलर. यातले एकेक यंत्र म्हणजे समुद्र जे काम फुकट करतो त्याचे आपल्या नावाने फाडलेले बिल आहे.

एवढे करूनही जूनमध्ये माडाचे चुडत तारांवर पडते आणि वीज जाते. माझ्या एका सहकाऱ्याने सोसायटीचे कर्ज काढून अशी टाकी उभी केली होती. दोन वर्षांपूर्वी एका रात्री चौदा तास वीज नव्हती. पंप बंद, पाणी थिजलेले, त्यातला प्राणवायू संपत चाललेला. तो आणि त्याची बायको मगाने पाणी वरखाली करत पहाटेपर्यंत बसली होती. दोन दिवसांत प्रवाळाचे मांस गळून गेले आणि पांढरे हाड उरले. त्याने ते धुऊन शोकेसमध्ये ठेवले आहे. पाहुणे अजून म्हणतात, "किती सुंदर!"

ते प्रवाळ त्याने कुठून आणले होते, हे मी कधी विचारले नाही. त्यानेही सांगितले नाही. इथेच खरी मेख आहे, आणि या गप्प बसण्यात मीही सामील आहे. खोटे कशाला बोलू, मित्र येऊन गेल्यावर मलाही मोह झाला होता. एका दुकानात चौकशी केली. दुकानदार मागच्या खोलीत घेऊन गेला, एका टबात ठेवलेले कठीण प्रवाळाचे हिरवट झुपके दाखवले आणि म्हणाला, "बिल मात्र मिळणार नाही." मी कारकून माणूस. बिल नाही म्हणजे काय, ते मला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २००१ साली दगडी सांगाड्याची सर्व प्रवाळे, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे, सगळ्यांना त्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले. वाघ आहे त्याच यादीत! त्यांना समुद्रातून काढणे, विकणे हा गुन्हा आहे आणि शिक्षा किमान तीन वर्षे कैद. दिवाणखान्यात वाघाचा बछडा बांधला तर शेजारी पोलिसांना फोन करतील. प्रवाळ ठेवले तर फोटो काढतील.

यावर दोन आक्षेप येतात. एक म्हणजे काही मऊ प्रवाळसदृश जीव या यादीत नाहीत, आणि काही देशांत टाकीतल्याच तुकड्यातून तुकडा वाढवून विकतात, त्यासाठी समुद्राला हात लावावा लागत नाही. खरे आहे. तसे करणाऱ्यांशी माझे भांडण नाही. पण परदेशी प्रवाळ आणायचे तर आयातीचा परवाना हवा, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर आंतरराष्ट्रीय यादीतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने त्यांची नोंद करायला हवी. मला आजवर हे कागद दाखवणारा छंदिष्ट भेटलेला नाही. आणि मऊ जिवांवर समाधान मानणाराही भेटलेला नाही. त्यांना ती फक्त पायरी वाटते, पुढच्या बढतीची.

दुसरा आक्षेप, मुलांना समुद्र कळतो. काय कळते? समुद्र म्हणजे निळ्या दिव्याखालची शोभेची वस्तू, एवढेच. मुलांना समुद्र दाखवायचा तर तो आपल्याकडे आहे की!

मी इतिहासाचा पदवीधर, म्हणून एक जुनी गोष्ट आठवते. सतराव्या-अठराव्या शतकात भूमध्य समुद्रातली तांबडी पोवळी इटलीच्या लिव्होर्नो बंदरातून लिस्बनमार्गे गोव्यात येत आणि बदल्यात इथून हिरे जात. त्या व्यवहारात आमचे सारस्वत व्यापारी होते. आजही मंगळासाठी अंगठीत घालतो ते हेच पोवळे. म्हणजे शतकानुशतके आमच्या हाती प्रवाळ आले ते मेलेला तुकडा म्हणून, किंमत ठरवलेला माल म्हणून. ते जिवंत असते, आणि ते आमच्या दाराशी आहे, याची खबरच नाही.

मुरगावच्या समोर ग्रांदे बेट आहे, पर्यटकांच्या फलकांवरचे 'ग्रँड आयलंड'. तिथे पाण्याखाली प्रवाळ आहे. आपल्या शेजारी मालवणात आहे, म्हणून १९८७ मध्ये तिथे सागरी अभयारण्य झाले. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची, तिथेही आहे. आमचे प्रवाळ काही झगझगीत नाही. तपकिरी, मातकट, काहीसे बोजड. गोव्याचा पावसाळा, नद्यांचा गाळ, गोडावलेले पाणी सोसून ते जगते, चिलर नसताना आणि इन्व्हर्टर नसताना. पोराइट्स जातीचे गोलसर प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढते. म्हणजे टोपलीएवढा गोळा माझ्या नोकरीपेक्षा ज्येष्ठ!

आणि त्यावर आम्ही काय करतो? हंगामात होड्या जातात, नांगर टाकतात. पोहता न येणारी माणसे लाइफ जॅकेट घालून उतरतात आणि दम लागला की प्रवाळावरच उभी राहतात. मासे जमावेत म्हणून पाव टाकतात. समुद्र तापतोय ते वेगळेच. १९९८, २०१०, २०१४ ते २०१७ अशा तीन लाटांत जगभरची प्रवाळे पांढरी पडली आणि एप्रिल २०२४ मध्ये चौथी जाहीर झाली. जगाचे तापमान तुमच्या-माझ्या हातात नाही. नांगर मात्र आपल्या हातात आहे.

होड्यांसाठी तळाशी कायमचे बांधलेले बोये बसवा, म्हणजे नांगर टाकावाच लागणार नाही. दिवसाला किती होड्या जाणार ते ठरवा. पाण्यात उतरणाऱ्याला आधी पाच मिनिटे सांगा, पाय कुठे ठेवायचा नाही ते. यात काही रॉकेट उडवायचे नाही. एका रीफ टँकवर जो पैसा, जो वेळ आणि जी रात्रीची जागरणे खर्च होतात, त्यातला दहावा भाग जरी आम्ही छंदिष्टांनी या मागणीसाठी, अर्ज-विनंत्यांसाठी, लोकप्रतिनिधींच्या मागे लागण्यासाठी खर्च केला तर काहीतरी हलेल. फाइल कशी हलते, ते मला ठाऊक आहे. कुणीतरी रोज येऊन विचारले की हलते.

माझे हातही स्वच्छ नाहीत. माझे मासेही कुणीतरी समुद्रातूनच पकडून आणलेले असणार. म्हणून एवढेच ठरवले आहे की नवे मासे आणायचे नाहीत. आहेत त्यांना शेवटपर्यंत सांभाळायचे आणि मग टाकी मोकळी करायची. क्लाउन मासा दहा वर्षांच्या वर जगतो, तेव्हा मोकळी व्हायला वेळ लागेल.

तोवर संध्याकाळी ऑफिसातून आलो की हळद काचेशी येते, भरवण्याची वाट बघत. मित्र पुन्हा आला तर त्याला सांगणार आहे: होय बाबा, नुसते मासेच. चल, रविवारी ग्रांदेला जाऊ. पण नांगर न टाकणारी होडी आधी शोधू.