कूस बदलताना



गेल्या शिबिरात दुसऱ्या रात्री दोन वाजता मी भिंतीला टेकून बसले होते. सतरंज्यांवर तीसेक जणी दाटीवाटीने झोपलेल्या. शेजारच्या ताईने विचारलं, "झोप येत नाही का गं?" मी म्हटलं, "डास आहेत." ते खोटं होतं. पोटावरची पिशवी झोपेत सुटेल, ही भीती होती.

कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत माझं गुदद्वार बंद केलं आणि मोठ्या आतड्याचं टोक पोटाच्या डाव्या बाजूला बाहेर आणलं. हा स्टोमा. त्याला आवळून धरणारा स्नायू नसतो, म्हणून त्यावर पिशवी चिकटवायची. ती कशी बदलायची ते दवाखान्यात शिकवलं. झोपायचं कसं हे कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. वर्षानुवर्षं 'आपलं शरीर ओळखा' म्हणत गावोगाव हिंडलेली मी!

तर ऐका. कूस बदलताना स्टोमावर थोडं वजन पडलं तरी सहसा इजा होत नाही. भरलेली पिशवी दाबली गेली की मात्र गळते. म्हणून पालथं झोपणं मी सोडलं. उजव्या कुशीवर झोपते, पोटाशी लहान उशी घेऊन पिशवीचा भार तिच्यावर टाकते. नाहीतर पिशवी लोंबते आणि चिकटलेली कडा ओढली जाते. डाव्या कुशीवर गादीचाच आधार मिळतो, फक्त पिशवी रिकामी हवी. उताणं झोपणं निर्धोक, पण खालची जखम ओली असेपर्यंत ते सोसत नाही. उठताना आधी कुशीवर वळावं, मग हाताने रेटा द्यावा. पोटावर ताण आला तर स्टोमाशेजारी हर्नियाचा धोका वाढतो. परकराची नाडी नेमकी तिथेच काचते, रात्री गाऊनच बरा.

पण कूस सापडली म्हणून झोप लागते असं नाही. ओळखीतली एक बाई अंथरूण खराब होऊ नये म्हणून संध्याकाळनंतर जेवत नसे, पाण्याचा घोटही घेत नसे. तिचा स्टोमा लहान आतड्याचा. त्यातून पाणी आणि मीठ सतत जातं, तिथे पाणी तोडणं धोक्याचं. उपाशी पोटी गॅसही वाढतो. जेवण लवकर घ्यावं, निजण्याआधी पिशवी रिकामी करावी, उपाय इतका साधा. पण सगळ्यांना वाढून शेवटी जेवणारीने लवकर जेवायचं कसं? जादा उशी, रात्री दिवा लावायची मुभा, संडासाजवळची जागा, हे मागायला तोंड उघडावं लागतं. ती मात्र नवऱ्याला वास येईल म्हणून स्वयंपाकघरात चटई टाकत होती. आजारी तीच, आणि अंथरूणही तिचंच हललं.

दिव्यांगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. स्टोमाचं नाव त्यांत नाही. पिशव्या महाग, म्हणून बाई एकच पिशवी जास्त दिवस ओढते आणि गळतीची भीती आणखी वाढते.

त्या पहाटे मी ताईला खरं सांगितलं. ती काही बोलली नाही. संडासाच्या दाराजवळची आपली जागा तिने मला दिली आणि शाल गुंडाळून उशी केली. मी दीड तास गाढ झोपले.

पुढच्या शिबिराच्या अर्जात 'झोपण्याच्या जागेबाबत काही गरज?' अशी ओळ आपण घालतो आहोत. पहिला अर्ज मी भरला आहे.