रिकाम्या जागा भरून इंग्रजी येत नाही



२०१२ मध्ये रत्नागिरीत कोकण विभागीय मंडळ सुरू झाले, तेव्हापासून दहावीच्या निकालात आपला विभाग राज्यात पुढे आहे. याच विभागातली, इंग्रजीत उत्तम गुण मिळवलेली माझी एक विद्यार्थिनी नोकरीच्या मुलाखतीत म्हणाली, ‘आय हॅव बीन लर्निंग टायपिंग सिन्स टू इयर्स.’ समोरचे हसले. पोरगी घरी येऊन रडली.

हसण्यासारखे त्यात काय होते? ‘दोन वर्षांपासून’ आणि ‘सोमवारपासून’, मराठीला दोन्हीकडे एकच ‘पासून’ पुरते. इंग्रजीला किती काळ हे सांगायला ‘फॉर’ लागतो, कधीपासून हे सांगायला ‘सिन्स’. ‘माझ्यावर रागावला’ म्हणणारे मूल ‘अँग्री ऑन मी’ म्हणते, ‘डॉक्टरशी लग्न झाले’ म्हणणारे ‘मॅरीड विथ’. ‘बसने आलो’ आणि ‘सुरीने कापले’ यांतला ‘ने’ एकच. इंग्रजीत एकदा ‘बाय’, एकदा ‘विथ’. ही मुले निष्काळजी नाहीत. ती आपल्या विभक्ती प्रामाणिकपणे तिकडे नेत आहेत, आणि हे त्यांना कुणी सांगितलेलेच नाही. वर्गात फक्त रिकाम्या जागा भरायच्या, कंसातला एक शब्द उचलायचा, बरोबर की चूक एवढेच कळते.

आपण मराठी तरी असे शिकलो का? ‘मला मदत कर’ ऐवजी कुणी ‘माझी मदत कर’ म्हटले की कानाला खटकते. नियम विचारला तर बहुतेकांना सांगता येणार नाही. ‘मदत कर’ला ‘मला’ जोडूनच आपण ते लहानपणी ऐकले. इंग्रजीतही ‘गुड ॲट’, ‘अफ्रेड ऑफ’, ‘मॅरीड टू’ असे जोडूनच कानावर पडायला हवे. जिथे जुळते तिथून सुरुवात करावी: ‘पावसावर अवलंबून’ आणि ‘डिपेंड ऑन’ सरळ जुळतात. मग ‘सापाला भितो’ घ्यावे, आणि तिथे ‘टू’ का चालत नाही ते मराठीतूनच समजावावे.

इंग्रजी माध्यमात घातले की प्रश्न मिटतो, असे पालक सांगतात. मला ते पटत नाही. त्या शाळांतल्या मुलांच्या तोंडीही मी ‘अँग्री ऑन मी’ वारंवार ऐकले आहे, कारण घरातली भाषा मराठीच आहे. ती असावीच.

जिल्ह्यातल्या इंग्रजीच्या शिक्षकांना विनंती, येत्या जूनपासून रोज तासाची पहिली पाच मिनिटे अशी पाच वाक्ये, मराठी जोडीसह, वर्गाकडून मोठ्याने म्हणवून घ्या.

– एक निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी