आगकाडीवरचे वेल्डिंग



गळिताचा हंगाम जवळ आला, की शिरोळ-हातकणंगल्यापासून कागलपर्यंत ट्रॉल्यांची डागडुजी सुरू होते. गोठ्याशेजारच्या शेडात वेल्डिंग मशीन, आणि त्याच्या उघड्या वायरी सॉकेटात आगकाडी खोचून बसवलेल्या! वीजदराच्या पैशापैशासाठी मोर्चे काढणारे आम्ही, जीव मात्र आगकाडीवर टांगतो.

तीन पिनांतली जाड, लांब पिन अर्थिंगची. हिरवी (किंवा हिरवी-पिवळी) वायर तिलाच जोडायची, आणि बाकीच्या दोन वायरींपेक्षा जरा सैल ठेवायची. केबलला हिसका बसला तरी ती शेवटी सुटते. अर्थिंग नाही म्हणून हिरवी वायर न्यूट्रललाच जोडण्याची गावठी युक्ती तर घातक. मागे कुठे न्यूट्रल तुटला, की मशीनच्या पत्र्यातच वीज उतरते. आपल्याकडचा पाऊस दसऱ्यापर्यंत रेंगाळतो. शेड ओले, पाय अनवाणी.

मशीनच्या पाटीवर १६ अँपिअरहून मोठा आकडा असेल, तर घरगुती प्लग वापरूच नये. ३२ अँपिअरचा औद्योगिक प्लग, तेवढ्या ताकदीची तीन तारांची तांब्याची केबल आणि ३० मिलिअँपिअरची ईएलसीबी हवी.

परवडत नाही म्हणणाऱ्याला आम्ही बोल लावत नाही. पण ऊसवाहतुकीला कारखान्याची उचल मिळते, तर तिच्यात अर्थिंगचा खर्च का धरू नये? ही मागणी तालुका बैठकीत मांडावी. येताना मेन स्विच बंद करून आपापला प्लग काढून आणावा, सर्वांसमोर उघडून पाहू.